सर्दी लांबली, गाल ठणकू लागला : सायनसच्या संसर्गाची ओळख आणि उपाय

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील कणकुंबी, जांबोटी आणि भीमगडच्या परिसरात पावसाळा एकदा सुरू झाला की महिनोन्‌महिने घराच्या भिंती ओल सोडत नाहीत. अंथरुणे दमट राहतात, ओले सरपण धुमसते आणि चुलीचा धूर कौलांखाली कोंडतो. पूर्वेकडील पठारी भागात पाऊस ओसरल्यावर वीट-कौलांच्या भट्ट्यांची धूळ आणि धूर सुरू होतो. चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्याच्या सत्तरी-डिचोली भागातही पावसाळ्याचे चित्र फारसे निराळे नाही. अशा हवेत सर्दी-पडसे घरोघरी असते आणि सर्दी चार दिवस टिकली की ‘सायनस झाला’ असे म्हणण्याची रीतही सर्वत्र आहे. वास्तविक अशा बहुतेक सर्दींना कोणत्याही अँटिबायोटिकची गरज नसते. उलट ज्या मोजक्या रुग्णांना तातडीच्या उपचारांची गरज असते, त्यांची लक्षणे ‘सायनसच आहे’ या समजुतीखाली झाकली जातात.

सायनस म्हणजे काय?

सायनस हे आजाराचे नाव नाही. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. एक जोडी गालांत, एक कपाळात, एक दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि एक नाकाच्या मागे खोलवर असते. या पोकळ्यांच्या आतील नाजूक त्वचा सतत पातळ श्लेष्मा तयार करते आणि तो अरुंद वाटांनी नाकात उतरतो. सर्दीमुळे, ॲलर्जीमुळे किंवा धुरामुळे ही त्वचा सुजली की वाट बंद होते, श्लेष्मा आत साचतो आणि दाह सुरू होतो. त्या दाहाला सायनुसायटिस म्हणतात.

गालातील आणि डोळ्यांमधील पोकळ्या जन्मतःच असतात. कपाळातील पोकळ्या मात्र साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत पुरेशा विकसित होत नाहीत. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचे कपाळ दुखत असेल तर त्याचे कारण सहसा अन्यत्र शोधावे लागते.

दिवस मोजणे महत्त्वाचे

विषाणूजन्य सर्दीत नाक चोंदणे, चेहरा जड होणे, वास न येणे आणि घट्ट शेंबूड येणे ही सारी लक्षणे असू शकतात. ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतात व त्यानंतर उतरू लागतात. अशा सर्दीनंतर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग होण्याचे प्रमाण प्रौढांत शंभरात दोनहून अधिक नसते. शेंबडाचा पिवळा वा हिरवा रंग हा जिवाणूंचा पुरावा नव्हे. तो रंग शरीराच्या लढाऊ पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या सर्दीतही दिसतो.

जिवाणूसंसर्गाचा संशय तीन परिस्थितींत घ्यावा. पहिली, दहा दिवस उलटूनही लक्षणांत काहीच उतार नसणे. दुसरी, पाच-सहा दिवसांत बरे वाटू लागल्यानंतर ताप, डोकेदुखी किंवा स्राव पुन्हा जोराने उसळणे. तिसरी, आरंभापासूनच सलग तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १०२ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, त्यासोबत पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यावर ठणका असणे. चार आठवड्यांच्या आत बरा होणारा आजार तीव्र समजला जातो; बारा आठवड्यांहून अधिक टिकणारा जुनाट. जुनाट आजाराच्या मुळाशी ॲलर्जी, नाकातील मांसल वाढ किंवा नाकाचा वाकडा पडदा असू शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

सायनस वाटतो, पण नसतो

वारंवार उठणारी, उलटीची भावना आणणारी, उजेड नकोसा करणारी डोकेदुखी बहुधा अर्धशिशीची असते. अमेरिकेत सुमारे तीन हजार लोकांच्या पाहणीत स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे समजणाऱ्या सुमारे ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसली होती; ही पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्धशिशीतही नाक चोंदते व डोळ्यांतून पाणी येते, म्हणून हा घोटाळा होतो.

एकाच बाजूचा स्राव आणि दुर्गंधी असल्यास वरच्या दाढेकडे पाहावे. वरच्या दाढांची मुळे गालातील सायनसच्या तळाशी टेकलेली असतात. किडलेली दाढ तशीच राहिली तर नाकाच्या औषधाने आजार हटत नाही. दंतवैद्याकडे जावे लागते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी, चिंचोका किंवा शेंगदाणा अडकला असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

नाकाची कोणतीही तक्रार नसताना तीव्र ताप आणि डोकेदुखी असेल तर सायनसचा विचार बाजूला ठेवावा. पावसाळ्यात डेंग्यू व मलेरिया, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जंगल आणि काजूच्या बागांत वावरणाऱ्यांत माकडताप संभवतो. सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण २०१५ मध्ये आढळले होते आणि खानापूरचे अनेक मजूर हंगामात काजूच्या कामासाठी गोव्यात जातात. अशा तापात रक्ततपासणी लांबवू नये आणि डेंग्यूची शंका मिटेपर्यंत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये.

घरचे उपाय

पहिल्या दहा दिवसांत विश्रांती, पुरेसे पाणी आणि वेदना वा तापासाठी वजन-वयानुसार पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा चांगला उपयोग होतो. योगाभ्यासातील जलनेती ती हीच. सुमारे २५० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा साधे, आयोडिनविरहित मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरेसा होतो. मात्र पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून, झाकून कोमट केलेले असावे. विहीर, झरा, नदी किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात घालू नये. मेंदूवर हल्ला करणारा दुर्मीळ अमिबा दूषित पाण्यातून नाकावाटे शरीरात शिरतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ मध्ये अमिबाच्या अशा संसर्गाने मृत्यू झाले आहेत. नेतीचे भांडे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे.

वाफाऱ्याने तात्पुरते मोकळे वाटते, आजार लवकर बरा होत नाही. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजण्याचे प्रसंग घडतात. म्हणून लहान मुलांना वाफारा देऊ नये. नाक झटकन मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा अधिक वापरले तर नाक औषधाविना उघडतच नाही, ही सवय मोडणे कठीण जाते. ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातील फवारा उपयोगी पडतो. तो गोळीसारखा सर्व शरीरात पसरत नाही, पण नियमित वापरल्याविना गुण देत नाही.

औषध दुकानातील तीन गोळ्या

सर्दीच्या चौथ्या दिवशी दुकानातून ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणणे हा अनेक घरांतील शिरस्ता झाला आहे. विषाणूंवर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. सर्दी पुढे ओसरते ती आपल्या गतीने, आणि श्रेय गोळ्यांना मिळते. जिवाणूसंसर्गातही या औषधाला दाद न देणारे जिवाणू बरेच असल्याने ते पहिल्या पसंतीचे मानले जात नाही. डॉक्टर सामान्यतः ॲमॉक्सिसिलिन, एकटे किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह, प्रौढांना पाच ते सात दिवस देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती आधीच सांगावी. दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा दाखवावे. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीसाठी ठेवू नयेत. साध्या तीव्र आजारात एक्स-रेची गरज नसते. सीटी स्कॅन गुंतागुंतीची शंका असल्यास किंवा जुनाट आजारात शस्त्रक्रियेचा विचार असल्यास करतात.

येथे वाट पाहू नये

सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते, तर कपाळातील सायनसच्या मागे मेंदू असतो. म्हणून पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

• डोळ्याभोवती सूज वा लाली, डोळा पुढे येणे, दोन-दोन दिसणे किंवा नजर कमी होणे
• कपाळावर मऊ सूज
• असह्य डोकेदुखी, मान ताठणे, वारंवार उलट्या
• गुंगी, बडबड किंवा झटका
• मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्यावर बधिरता, टाळूवर वा नाकात काळा डाग

शेवटचे लक्षण काळ्या बुरशीचे असू शकते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले होते. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना तो आजही होऊ शकतो आणि त्यात काही तासांचा उशीरही डोळा वा जीव घेऊ शकतो.

खानापूरच्या खेड्यांतील रुग्णाला तालुका रुग्णालयातून प्राथमिक उपचार घेऊन बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय गाठता येते. गोव्यातील रुग्णांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. घाटमाथ्यावरील गावांतून पावसात हा प्रवास वेळ घेतो, हे ध्यानात घेऊन डोळ्याची सूज ‘सकाळी पाहू’ म्हणून रात्रभर ठेवू नये. आजार वारंवार होत असल्यास चुलीचा धूर, तंबाखूचा धूर, भिंतीवरील बुरशी, किडलेली दाढ आणि वाढलेली साखर ही पाच कारणे घरातच तपासता येतात. यांतील एक जरी दूर झाले, तरी पुढच्या पावसाळ्यात औषधाची गरज कमी होण्यास मदत होते.