गरजा आणि अभिप्रेरणा

गरज म्हणजे शरीराला किंवा मनाला जाणवणारी उणीव. ती भरून काढण्यासाठी वर्तनाला चालना देणाऱ्या, दिशा देणाऱ्या व ते वर्तन टिकवून धरणाऱ्या प्रक्रियेस मानसशास्त्रात अभिप्रेरणा असे म्हणतात. बोलीभाषेत 'प्रेरणा' हा शब्द बहुधा स्फूर्ती या अर्थाने वापरला जातो. मानसशास्त्रीय अर्थ त्याहून व्यापक आहे. तहानलेल्याने पाणी शोधणे आणि विद्यार्थ्याने परीक्षेसाठी पहाटे उठणे ही दोन्ही अभिप्रेरित वर्तनेच होत. प्रस्तुत लेखात सिद्धांतांच्या जोडीला गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुका व सभोवतालच्या झाडीपट्टीतील उदाहरणे घेतली आहेत. धान, तलाव आणि जंगल यांवर जगणाऱ्या या भागात निरनिराळ्या गरजा एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे स्पष्ट दिसते.

प्रमुख सिद्धांत

भूक, तहान, झोप यांसारख्या शारीरिक गरजांचे स्पष्टीकरण समस्थितीच्या संकल्पनेने दिले जाते. शरीरातील तापमान, पाणी, साखर इत्यादींचा समतोल ढळला की ताण निर्माण होतो आणि तो कमी करणारे वर्तन घडते. क्लार्क हल याने १९४३ मध्ये मांडलेला प्रेरणा-न्यूनीकरणाचा सिद्धांत याच कल्पनेवर आधारलेला होता. मात्र पोट भरलेला माणूस स्वस्थ बसत नाही, कुतूहलापोटी तो नवे ताण ओढवून घेतो, याचा उलगडा या सिद्धांताने होत नाही.

त्याच वर्षी अब्राहम मॅस्लो याने गरजांची श्रेणी मांडली. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपुलकी, प्रतिष्ठा आणि आत्मवास्तविकीकरण असा तिचा क्रम आहे. पाठ्यपुस्तकांतून ही श्रेणी त्रिकोणी मनोऱ्याच्या रूपात दाखवली जाते. तो मनोरा मॅस्लोच्या मूळ निबंधात नाही. खालची गरज पूर्णपणे भागल्याशिवाय वरची जागी होत नाही, असेही त्याचे म्हणणे नव्हते. सर्वसामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, प्रेमाच्या ५० टक्के, प्रतिष्ठेच्या ४० टक्के आणि आत्मवास्तविकीकरणाची गरज १० टक्के भागलेली असते, असे आकडे त्याने केवळ उदाहरणादाखल दिले होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा बारकावा बहुधा हरवतो.

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण मॅस्लोच्या क्रमाशी जुळणारी आहे. पण त्याच विठोबासाठी एकादशीला उपवास करणारा आणि ऊन-पावसात पंढरपूरची वाट चालणारा वारकरीही महाराष्ट्रातलाच आहे. लुई टे आणि एड डिनर यांनी १२३ देशांतील माहितीच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मूलभूत गरजा पुरत्या भागलेल्या नसतानाही सामाजिक संबंध व आदर यांमुळे लोकांच्या समाधानात भर पडते. गरजा सार्वत्रिक आहेत, पण त्यांचा क्रम ताठर नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

डेव्हिड मॅकक्लेलंड याने संपादन, संलग्नता आणि सत्ता या तीन शिकलेल्या प्रेरकांवर भर दिला. त्याच्या कार्याचा भारताशी थेट संबंध आहे. १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांना संपादन प्रेरणेचे प्रशिक्षण देण्यात आले व पुढे त्यांच्या व्यवसायांतील हालचाली तपासण्यात आल्या. डेव्हिड विंटर याच्यासह लिहिलेल्या १९६९ च्या ग्रंथात हा प्रयोग सविस्तर आला आहे.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांचा स्वनिर्धारण सिद्धांत स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन मानसिक गरजा मूलभूत मानतो. डेसीने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा मोकळ्या वेळेतील त्या कोड्यांमधला रस नंतर कमी झालेला दिसला. बाह्य मोबदल्याने अंतःस्थ प्रेरणा मंदावू शकते, हा त्याचा निष्कर्ष पुढे बराच वादग्रस्त ठरला. पोटासाठी करावयाच्या कामाला तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. मजुरी न मिळाल्यास रोवणीची गोडी वाढत नाही.

झाडीपट्टीतील उदाहरणे

अर्जुनी मोरगाव तालुक्याचे अर्थकारण मुख्यतः धानावर चालते. पावसाळ्यातील रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने अशा हंगामांनी वर्ष विभागलेले असते. पाऊस लांबला तर शेत कोरडे पडू नये, यासाठी पूर्वजांनी तलाव व बोड्या बांधल्या. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव याच परंपरेतला. मॅस्लोच्या भाषेत ही सुरक्षिततेच्या गरजेची पूर्तता होय. परंतु तलावाने बांधणाऱ्याला प्रतिष्ठा दिली, शेतकऱ्यांना पाणीवाटपासाठी एकत्र आणले आणि ढिवर समाजाला मासेमारीचा व्यवसाय दिला. एकाच बांधाने तीन-चार पातळ्यांवरच्या गरजा एकदम भागवल्या.

अलीकडच्या काळात बेशरमसारख्या वनस्पतींनी अनेक तलाव व्यापले आणि देशी मासे घटले. तालुक्यातील ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी व महिलांनी काही तलावांतून ही झुडपे उपटून देशी जलवनस्पती लावल्या. या कामाची प्रेरणा निव्वळ उत्पन्नाची मानणे अपुरे ठरेल. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे पिढीजात ज्ञान उपयोगी पडणे, म्हणजेच सक्षमतेची जाणीव, हाही तिचा भाग आहे.

वन हक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या विदर्भातील काही ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः ठरवू लागल्या. पाने तोडण्याचे श्रम तेच राहिले. निर्णय कोणाचा, हे बदलले. स्वायत्ततेच्या गरजेचे याहून रोखठोक उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.

कापणी संपली, की मंडईच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. झाडीपट्टी रंगभूमीच्या अनेक मंडळ्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) येथे आहेत. नाटकाला पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, गावातील मंडळाची पत वाढते. येथे नाटक ही कोठार भरल्यानंतरची चैन आहे, असे म्हणता येईल. पण पीक बेताचे आलेल्या वर्षीही मंडई भरते आणि पाहुण्यांना बोलावणे जाते, हे लक्षात घेतले पाहिजे.

गोठणगाव परिसरात १९७२ मध्ये वसलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आणखी वेगळा प्रश्न पुढे आणते. सर्वस्व सोडून आलेल्या समूहाला घर, शेतजमीन व उपजीविका यांची निकड असते. हिवाळ्यात शहरांत लोकरी कपडे विकणे हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मार्ग आहे. तरीही भाषा, प्रार्थना आणि सण जपण्याचे काम 'आधी पोट भरू दे' म्हणून पुढे ढकलले गेले नाही. थंड पठारावरून आलेली ही माणसे विदर्भाच्या उन्हाळ्यात एकमेकांना धरून राहिली, आणि मुख्यतः या आपलेपणामुळेच अपरिचित हवामानातील शेती व व्यापार त्यांना शक्य झाला असावा.