बोटीत बसण्याआधी

अभ्यासासाठी घर सोडून परमुलखात जाणाऱ्यांचा इतिहास आपल्या दापोडीत शोधायला लागलं, तर तो उलट्या दिशेने सुरू होतो. आधी तिकडची माणसं इकडे आली. कॅप्टन फोर्ड आठवतो का? पेशव्यांच्या चाकरीत होता, त्याच्या पलटणीचा तळ दापोडीला होता, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा तो पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरून "गद्दार!" असा आवाज आला होता. कुणाचा, ते त्या बाकावरच्यांनी आपापसात ठरवावं.

त्या फोर्डचा दापोडीतला बंगला पुढे १८२८ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमने सरकारसाठी घेतला. बंगल्याभोवती सरकारी वनस्पती उद्यान उभं राहिलं. १८३८ पासून त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होता. याआधी तो देवीची लस टोचण्याच्या कामावर दख्खन आणि खानदेशात फिरलेला. पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास त्याने एका गोवेकर चित्रकाराला बसवून बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ही चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयात आहेत. २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांनी त्यांवर पुस्तक काढलं, त्याच्या नावातच 'दापुरी' आहे. चित्रकाराचं नाव मात्र तेव्हा कुणीही लिहून ठेवलं नाही. आपण दहा वर्षं ज्या मातीत खेळलो तिथली पानंफुलं एडिंबरोत कपाटात आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

गिब्सनच्या जाण्यायेण्याची सोय सरकारने केली होती. आपल्याकडून उलट निघालेल्यांना ती सोय नव्हती. त्यांनी तयारी कशी केली, हा माझ्या लेखाचा विषय. सामानाची तयारी त्यातला सोपा भाग.

आनंदीबाई जोशी आपल्या पुस्तकात एका ओळीच्या होत्या: 'पहिली भारतीय महिला डॉक्टर'. रिकाम्या जागा भरा मध्ये हमखास यायच्या. पण त्या ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्याआधीची तीन वर्षं त्या ओळीत मावत नाहीत. १८८० मध्ये गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. त्या दोघींचा पत्रव्यवहार हीच खरी तयारी: इंग्रजी, तिकडचं घर, थंडी, जेवण, सगळं त्यातूनच कळत गेलं. पैशासाठी दागिने विकले. नवऱ्याला बरोबर जाणं परवडणार नव्हतं, म्हणून १८ वर्षांच्या आनंदीबाई ओळखीच्या गोऱ्या बायकांच्या सोबतीने निघाल्या.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, त्यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे) कॉलेजात जाहीर भाषण केलं. लोक विचारत होते तेच प्रश्न घेऊन एकेकाला उत्तर दिलं. इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? सामान बांधण्याआधी अख्ख्या समाजाला तोंडी परीक्षा द्यावी लागली. साडी आणि शाकाहार सोडणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही हमी त्यांनी दिली आणि पाळली. पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ ला मिळाली. प्रबंधाचा विषयसुद्धा घराकडचा होता, हिंदूंमधली प्रसूतिविद्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. त्या हमीचा काही भार त्यांच्या तब्येतीने वाहिला असं मला वाटतं. तिथल्या हिवाळ्यात त्या नेसण्याने आणि त्या जेवणाने कसं निभावलं असेल, हे मिनेसोटाची एक थंडी काढल्यावर मला थोडंसं कळतं.

आता बर्लिन. पंचेचाळीस वर्षं पुढे या, १९२८ मध्ये. इरावती कर्वे. ब्रह्मदेशात १५ डिसेंबर १९०५ ला जन्म, तिथल्या इरावती नदीवरून नाव. सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात, नंतर रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढलेल्या. मुंबईत घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला, म्हणजे आपल्याच माणसांचा अभ्यास केला. यजमान दिनकर कर्वे फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. ते स्वतः जर्मनीत डॉक्टरेट करून आलेले, त्यामुळे तिकडची भाषा, हवा, प्रयोगशाळा घरातच माहीत होत्या. इरावतींनी जर्मनीला जावं असं त्यांनी ठरवलं. पैशासाठी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं. हेच मेहता १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

विरोध कुणाचा होता? सासऱ्यांचा. आणि सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे! हिंगण्याचा आश्रम काढणारे, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करणारे. परक्यांच्या मुलींसाठी मुठीमुठीने वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या सुनेने परदेशी जावं हे पटलं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांचा राग आला. आता तितका येत नाही. संस्था चालवणारा माणूस जगासाठी एक नियम करतो आणि घरासाठी दुसरा, असं आपण आपल्या आजूबाजूला नेहमी बघतो. गंमत म्हणजे १९२९ मध्ये स्वतः महर्षी सत्तरी ओलांडल्यावर युरोपच्या दौऱ्यावर गेले, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत बोलले. पुढे १९६३ मध्ये दिनकररावांच्या 'द न्यू ब्राह्मन्स' या पुस्तकात इरावतींनी सासऱ्यांवर एक लेख लिहिला. त्यात भक्ती कमी आणि माणूस जास्त आहे. जमलं तर वाचा.

म्हणजे १९२८ ची तयारी अशी होती: भाषेची ओळख, कर्ज, आणि घरातल्या थोर माणसाच्या नाराजीला न जुमानता पाठीशी उभा राहणारा नवरा. एकमेकांना 'इरू' आणि 'दिनू' म्हणणारं ते जोडपं त्या काळच्या पुण्यात तसंही चर्चेचा विषय असणारच. पुण्याहून मुंबई बंदराकडे जाणारी आगगाडी तेव्हाही खडकी सोडली की दापोडीवरूनच जायची. डेक्कन क्वीन यायला अजून दीड-दोन वर्षं होती.

पण बर्लिनमध्ये जे पुढे आलं त्याची तयारी कुणीही करून देऊ शकलं नसतं. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र एकाच छपराखाली होती. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्रवंशीयांची मोजमापं घेऊन त्यांनी नाव कमावलं होतं. इरावतींना विषय मिळाला मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतल्या फरकाचा. युरोपीय कवट्यांत हा फरक जास्त असतो आणि तो त्यांच्या अधिक तर्कबुद्धीचा पुरावा आहे, अशी फिशर यांची धारणा होती. तरुण इरावतींसमोर १४९ कवट्या होत्या. त्यांत आफ्रिकेतल्या वसाहतीतून उचलून आणलेल्याही होत्या. ती माणसं कोण होती, त्यांना कुणी विचारलं होतं का, हे प्रश्न त्या काळी त्या संस्थेत कुणाच्या गावीही नव्हते.

इरावतींनी मोजलं आणि आकड्यांनी सांगितलं तेच लिहिलं: वंशाप्रमाणे असा फरक दिसत नाही. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये 'इरू' हे चरित्र प्रसिद्ध केलं. त्यात ही हकिकत सविस्तर आहे. फिशर यांनी पदवी दिली, पण श्रेणी सर्वांत खालची. मी अठरा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. क्लायंटला नको असलेला रिपोर्ट पाठवताना हात कसा जड होतो ते मला माहीत आहे, आणि मला तर पाठीशी पगार आणि टीम असते. इथे कर्ज काढून आलेली मुलगी, परकी भाषा, आणि समोर असा माणूस की जो १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. नाझी राजवटीत त्या संस्थेने वंशशुद्धीच्या कामाला काय काय पुरवलं, ते जग पुढे शिकलं.

१९३० मध्ये त्या परतल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. मोजपट्टी आणि कंपास घेऊन त्या नंतर देशभर गावोगाव फिरल्या, गुजरातेत लांघणजच्या उत्खननात सांकलियांबरोबर होत्या. 'युगान्त' आपल्याला त्यांच्या नावाने माहीत आहे. हे काम कमी माहीत आहे.

आता आपलं बोलू. आपल्या वर्गातले बरेच जण परदेशी गेले, मीही गेले. माझ्या वेळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग मोजली होती. थालीपीठाची भाजणी अर्धा किलो कमी करावी लागली आणि छोटा कुकर राहिला. एसटीच्या वर्कशॉपमधून रजा काढून बाबा विमानतळावर आले होते. घरात एकानेही "का जातेस?" असं विचारलं नाही, कारण पगार डॉलरमध्ये होता. कमवायला जाणाऱ्याला आपली घरं लगेच परवानगी देतात. शिकायला, त्यातही नुसता शोध घ्यायला जाणाऱ्याला अजून श्रीरामपूरचे प्रश्न येतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि दहा आठवडे नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्री शैवालाचं काम करायला तिची निवड झाली आहे. विद्यावेतन राहण्याजेवणापुरतं. सासूबाईंचा पहिला प्रश्न: "शेवाळ आपल्याकडे नाही का?" १८८३ चाच प्रश्न, मी हसू दाबलं. दुसरा प्रश्न मात्र वेगळा होता: "पाण्यात उतरताना सोबत कुणी असणार का?" मुलीने लॅपटॉप उघडून धोक्यांचा तक्ता दाखवला. तिथल्या विद्यापीठाच्या त्या फॉर्मवर पहिल्याच पानावर हाच प्रश्न आहे: एकटं उतरायचं नाही, भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवायच्या, परतलो की फोन करायचा. सासूबाईंनी चष्मा लावून मराठीत समजावून घेतला आणि 'फोन' या ओळीवर बोट ठेवून "हे आम्हालाही" म्हणाल्या. होकार म्हणायचा तो तेवढाच, पण मला पुरला.

बाकी तयारी कागदांची आहे. व्हिसासाठी खात्यात पुरेसे पैसे असल्याचा दाखला, विमा, विद्यापीठाचं पत्र, आणि नमुने कुठून कुठे न्यायचे याच्या परवानग्या. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा झाल्यापासून परदेशी संशोधकाला इथली झाडं अभ्यासायला राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. गिब्सन आज दापोडीत आला असता तर आधी चेन्नईला अर्ज पाठवून वाट बघत बसला असता. मुलीला मी इरावतींच्या त्या १४९ कवट्यांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "गाइडला आधी सांगितलं होतं का त्यांनी, की थेट प्रबंधातच लिहिलं?" मला उत्तर आलं नाही. चरित्र तिच्या बॅगेत टाकलं आहे, वजनात बसलं तर.

ती जूनमध्ये निघते. आपल्यापैकी कुणी नॉर्वेत असेल, किंवा थंड पाण्यात घालायचे गमबूट कुणाच्या माळ्यावर पडून असतील, तर मेळाव्याच्या दिवशी मला गाठा. सहा नंबर लागतो.