तिसऱ्या गिअरमधला आवाज

मागच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी अकोल्यात नवी गाडी घेतली. ते तिथे नोकरीला, आम्ही दोघं अमरावतीला. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी कोणाकडे जातंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण करायचं नाही, एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

तर पहिल्याच महिन्यात लोणीच्या पुढे मला आवाज ऐकू आला. तिसऱ्या गिअरमध्ये बारीक शिट्टीसारखा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला भास होतो." मी चाळीस वर्षं वर्गात पाठमोरा उभा राहून कोण बोललं ते ओळखत आलो आहे. मला भास होत नाही.

खरं म्हणजे हा आवाज ऐकू येण्याचं श्रेय रस्त्याला आहे. अमरावती-अकोला रस्त्याचे हाल ज्यांनी भोगलेत त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीत नेमकं काय वाजतंय असं विचारायची सोयच नव्हती, सगळंच वाजायचं. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात सलग 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला आणि गाड्यांची पापं उघडी पडली!

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पहिल्या खेपेला सांगितलं, "सर, नवी गाडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो." दुसऱ्या खेपेला सांगितलं, "हा नॉर्मल आवाज आहे." आणि जॉब कार्डावर लिहिलं, 'तपासले, दोष आढळला नाही.' त्या वाक्याने मी विचारात पडलो. दोष नाही हे कोण ठरवतं? आणि केव्हापासून?

आमच्या लहानपणी गिअरचा आवाज हा दोष नव्हताच, ती गाडीची भाषा होती. यष्टीचा ड्रायव्हर गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा. दोन चक्रांची गती जुळली की नाही हे तो कानाने ओळखायचा, चुकला की कर्र्र आवाज यायचा आणि अख्खी बस त्याच्याकडे पाहायची. गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश नावाची युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत 1928 सालीच आली होती. पण आमच्या भागातल्या बशींना आणि ट्रकांना तिची फारशी घाई नव्हती.

आमच्या वॉर्डात एका डॉक्टरांकडे फियाट होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. ती मागे घेताना जी लांब किंकाळी निघायची, तिच्यावरून आया पोरांना सांगायच्या, "डॉक्टर निघाले, सुई आणतील." पुढे कळलं की रिव्हर्सच्या चक्राचे दाते सरळ कापलेले असतात. बाकीच्या गिअरांचे तिरपे असतात, ते एकमेकांत हळूहळू सरकत शिरतात म्हणून शांत चालतात. सरळ दाते एकदम भिडतात, म्हणून ओरडतात. आम्ही बी.ए.वाले, आम्हाला हे सत्तरीत कळतंय. असो.

ती फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली कंपनी. कारखाना कुर्ल्याला. 1947 साली तिथून पहिली मोटार बाहेर पडली आणि 1950 नंतर फियाटशी करार झाला. अभिमानाचीच गोष्ट. पण पुढची तीस वर्षं देशात मोटारी बनवणारे मोजके तीन आणि मागणारे रांगेत, अशी स्थिती झाली. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची. किमती सरकार ठरवायचं. 1969 च्या किमतीच्या हुकुमावरून कारखानदार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. किमतीवर एवढा खल झाला, पण गाडी वाजते याचा खल घराघरांत आणि मिस्त्रीच्या झाडाखालीच. ज्याला सात वर्षांनी गाडी मिळाली, तो ती वाजते म्हणून परत करायला जाईल का? तो नारळ फोडून सरळ मिस्त्रीकडे जायचा.

मग 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली. तिच्यात बसल्यावर लोकांना सगळ्यात आधी काय जाणवलं असेल तर तिचा गप्पपणा. माझ्या मते आपल्याकडे गिअरबॉक्सच्या आवाजाची तक्रार खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाली. शांततेची सवय लागल्याशिवाय आवाज ऐकू येत नाही.

आता कायद्याकडे येतो. मंडळी, कंटाळू नका, गंमत इथेच आहे. आपण 'ग्यारंटी' आणि 'वॉरंटी' एकाच श्वासात म्हणतो. पण इंग्रजांनी केलेल्या 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यात, कलम 12 मध्ये, अट आणि वॉरंटी यांत स्वच्छ भेद केला आहे. अट मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. म्हणजे ज्या शब्दावर विसंबून आपण लाखो रुपये मोजतो, तो मुळात दुय्यम वचनाचा शब्द आहे. मी हे मुलाला वाचून दाखवलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

ग्राहकाच्या बाजूने बोलणारं आपल्याकडे कोणी नव्हतं असं नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत त्यानंतर वर्षभराने आली. पण साध्या माणसाला दाद मागायला जागा मिळाली ती 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. त्यावर 24 डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो ग्राहक दिन. या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले आणि दोषी वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा, असं सांगण्याचा अधिकार त्यांना मिळाला. आता 2019 चा नवा कायदा आहे, 20 जुलै 2020 पासून लागू, आणि मंचाचा आयोग झाला आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

पण गाडीचं घोडं कुठे अडतं ते पाहा. एका ग्राहकाच्या नव्या मारुतीच्या क्लचची तक्रार होती. खाली गाडी बदलून द्या असा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तो फिरवला. न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. त्रासाची भरपाई मात्र द्यायला लावली. मग 2010 साली एका फियाटच्या इंजिनातल्या आवाजाचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं. तिथे सांगितलं गेलं की त्रयस्थ तज्ज्ञाने गाडी तपासावी, मूळचा दोष निघाला तर किंमत व्याजासह परत करावी. म्हणजे सगळी भिस्त तज्ज्ञावर. दोष निर्मितीतला आहे हे दाखवण्याचं ओझं तक्रारदाराच्या डोक्यावर. खराब तेलाची बाटली सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवता येते. आवाज कशात भरून पाठवायचा?

उत्तर मला अकोल्यातच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दिलं. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "गुर्जी, गाडी न्यूट्रलवर ठेवा. क्लच सोडा. आयकू येते का घरघर? आता दाबा." मुलाने क्लच दाबला. घरघर थांबली. "मंग? थे गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग हाय. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तं क्लचचं बेअरिंग म्हनलं असतं." कारण सोपं आहे. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सोडचिठ्ठी होते, आतला दांडा फिरायचा थांबतो. हे ऐकायला दोन मिनिटं लागली. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. काउंटरवरच्या मुलाने नेहमीप्रमाणे 'गाडीत आवाज' एवढंच लिहायला घेतलं. मी म्हटलं, "बाळ, मी सांगतो तसं लिही." आणि शुद्धलेखन घालतात तसं त्याला घातलं: तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी 40 ते 60 वेगात, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना शिट्टी. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर, दाबल्यावर बंद. किलोमीटर इतके. तारीख ही. शिवाय त्यांचा मेकॅनिक शेजारी बसवून बोरगाव मंजूपर्यंत चक्कर मारली आणि मोबाईलवर आवाज टिपून घेतला. मेकॅनिक चांगला होता. परत आल्यावर खाली मान घालून म्हणाला, "आहे सर आवाज." ते वाक्यही मी कार्डावर घालायला लावलं.

त्यानंतर गिअरबॉक्स उतरला. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले, बेअरिंग बदललं. जुनं बेअरिंग मी पाहायला मागितलं तर दाखवलं, पण दिलं नाही. वॉरंटीत काढलेला भाग कंपनीचा होतो म्हणे. मला वाटलं, पुरावाही त्यांचाच!

न्यूट्रलमधली घरघर आता पूर्ण गेली आहे. तिसऱ्यातली शिट्टी कमी झाली, गेली नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, पुरे आता. एफएम लावा." सूनबाईंना तर आधीही काही ऐकू येत नव्हतं. मी चारही जॉब कार्डं एका पाकिटात घातली आहेत आणि वर पहिल्या तक्रारीची तारीख लिहिली आहे. दोन वर्षं पुढच्या हिवाळ्यात संपतात. येत्या रविवारी अकोल्याला जायचं आहे, तेव्हा लोणीपासून एफएम बंद ठेवायला सांगणार आहे.