गुरूच्या पोटातील भूमी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोरच्या बेटावरील किल्ला दृष्टीस पडतो. 1737 साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले व पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने तेथे नवा कोट उठविला. वैतरणेच्या मुखाशी, भरतीओहोटीच्या माऱ्यात हे दगडी काम टिकले. कारण त्याच्या खाली भूमी आहे. होडीतून जाणाऱ्यालाही हाच भरवसा असतो की, पाणी कितीही खोल असो, खाली तळ हा असणारच. हा भरवसा माणसाने आकाशातही नेला, आणि गुरु-शनींचा विचार करताना तो पावणेतीनशे वर्षे त्याच्या आड आला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्या जुन्या ज्योतिष्यांना हा प्रश्न पडलाच नाही. त्यांना ग्रहाची गती हवी होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. गुरु अमुक दिवशी आकाशात कोठे असेल हे त्यांवरून काढता येई. तो कशाचा बनला आहे हे सांगणे कोष्टकांचे कामच नव्हे.

तळाविषयी पहिला संशय वजनातून निघाला. उपग्रहांच्या फेऱ्यांवरून ग्रहाचे वस्तुमान काढण्याची रीत न्यूटनने 1687 च्या आपल्या ग्रंथात दिली, आणि गुरूची घनता पृथ्वीच्या सुमारे चौथा हिस्सा ठरली. आजच्या मापाने गुरूचे वस्तुमान 318 पृथ्व्यांएवढे आहे. पण त्याच्या पोटात 1300 पृथ्व्या मावतील. पाण्याची घनता 1 धरली तर पृथ्वीची 5.5, गुरूची 1.3 आणि शनीची तर केवळ 0.7 भरते. गुरु म्हणजे जड. परंतु ज्या द्रव्याचा हा गुरु घडला ते सर्वांत हलके, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, हा मोठाच विनोद होय.

दुसरी खूण कॅसिनीने पाहिली. गुरूच्या मध्यभागाचे पट्टे 9 तास 50 मिनिटांत फेरी पुरी करतात. इतर भागांस सुमारे पाच मिनिटे अधिक लागतात. घट्ट जमीन अशी तुकड्यातुकड्यांनी फिरत नाही. अर्थात दिसतात ते ढग, हे उघड झाले. पण ढग म्हटले की खाली जमीन आलीच! 1870 साली प्रॉक्टरने गुरु तप्त असल्याचे मांडले. पुढे 1920 नंतर जेफ्रीजने तो वरून थंड असल्याचे दाखविले, आणि 1938 साली विल्टने खडकाचा गाभा, त्यावर बर्फाचे जाड कवच व त्यावर वायू अशी रचना कल्पिली. मते बदलली, तळ काही सुटला नाही.

तो सुटला पदार्थविज्ञानामुळे. 1935 साली विग्नर व हंटिंग्टन यांनी भाकीत केले की, प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा होईल. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या दौलतसिंह कोठारी यांनी ग्रहांच्या अंतर्रचनेवर निबंध लिहिला. थंड पिंडात द्रव्य वाढवीत गेल्यास त्याचा आकार एका मर्यादेपुढे वाढत नाही, उलट दाबाने आकसतो. आणि ही मर्यादा साधारण गुरूएवढीच येते, असे त्यांच्या गणिताने दाखविले. पुढे 1966 साली असे आढळले की, गुरु सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. एवढी उष्णता आतून वर आणावयाची तर आतले द्रव्य चुलीवरच्या आधणासारखे ढवळत राहिले पाहिजे. 1968 साली हबर्डने हेच अनुमान काढले: गुरु आतून प्रवाही आहे.

येथे कोणी विचारील, निदान वायू संपून द्रव सुरू होतो तेथे समुद्रासारखा पृष्ठभाग असेल ना? नाही. हायड्रोजन उणे 240 अंशांहून उष्ण असेल तर कितीही दाबा, वायू आणि द्रव यांच्यात सीमारेषा पडतच नाही. तो नुसता दाट होत जातो. गुरूचे थंडातले थंड थरही याहून पुष्कळ उष्ण आहेत.

7 डिसेंबर 1995 रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात उतरली. सुमारे 58 मिनिटे तिने बातमी दिली. अखेरीस तिच्यावर पृथ्वीच्या वातावरणाच्या वीसपटींहून अधिक दाब होता, उष्णता दीडशे अंशांवर गेली होती, आणि ती मुकी झाली. ती कशावर आपटली नाही. आपटण्याजोगे तेथे काही नव्हतेच. 2016 पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या गुरुत्वमापनांनी तर गाभ्याचीही कल्पना बदलली. खडक व बर्फ यांचे जड द्रव्य मध्यभागी घट्ट गोळ्यासारखे नसून ते हायड्रोजनात मिसळून, त्रिज्येच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत पसरलेले आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाहावे. निवळ पाणी, मग गढूळ पाणी, मग पातळ गाळ, मग चिखल. पाणी नेमके कोठे संपले हे बोट ठेवून सांगता येत नाही. पृथ्वीवर निदान चिखलाखाली खडक लागतो, म्हणून आपण ‘तळ कोठे?’ एवढेच विचारतो. गुरूच्या बाबतीत ‘तळ आहे काय?’ हे विचारावयास माणसाला एवढी वर्षे लागली. कारण स्वतःच्या पायाखालची जमीन हाच सर्व विश्वाचा नियम, असे त्याने न तपासता धरले होते. पूर्वसूरी बुद्धीने उणे नव्हते; एक गृहीत तपासावयाचे राहून गेले, इतकेच. आपणही अशी किती गृहीते उराशी धरून बसलो आहोत, याचा विचार घरी जाताना ज्याचा त्याने करावा.