मिहीर गेला त्या रात्री



आपल्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी मला काहीतरी इतिहासावर लिहायला सांगितले तेव्हा मी जरा घाबरलेच. मी सातवी शिकलेली बाई. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा चांगले लिहितात. म्हणून मी ठरवले की जो इतिहास मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तोच लिहावा. तो राजांचा नाही, टी.व्ही.वरच्या एका मालिकेचा आहे. कोणी हसेल, पण पुरते वाचून मग हसावे अशी विनंती.

ही मालिका म्हणजे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर ती सुरू झाली. त्याच दिवशी रात्री नऊला अमिताभ बच्चन यांचा ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रमही सुरू झाला होता, आणि साडेदहाला ही मालिका लागे. एकता कपूर यांच्या बालाजी कंपनीने ती काढली होती. विराणी हे श्रीमंत गुजराती कुटुंब, त्यातला नातू मिहीर, आणि त्याने लग्न करून आणलेली पुजाऱ्याची मुलगी तुलसी. तुलसीचे काम स्मृती इराणी यांनी केले, मिहीरचे अमर उपाध्याय यांनी. घरातल्या सर्वांत वडील ‘बा’ म्हणजे सुधा शिवपुरी.

तेव्हा माझे लग्न होऊन वर्षच झाले होते. आमचे घर लालबागच्या चाळीतले, दहा बाय बाराची एक खोली. केबलची तार आमच्या गॅलरीवरून नुकतीच गेली होती. रात्री साडेदहाला शेजारच्या चारपाच जणी आमच्याकडे येत. पहाटे पाण्यासाठी उठायचे असे, तरी कोणी चुकवत नसे. खाटेवर सासूबाई बसत आणि आम्ही सगळ्या खाली. सासूबाईंना हिंदी अर्धेच समजे, पण मालिका पुरी समजे. त्या तिला ‘तुळशी’च म्हणत. “बघ, तुळशीच्या सासूनं आज काय केलं,” असे दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ऐकू येई.

मला वाटते, इथेच त्या मालिकेची जादू होती. सिनेमातला नायक तीन तास भेटतो आणि जातो. हा मिहीर आठवड्यातून चार रात्री, ठरल्या वेळेला, आपल्या घरात येई. इतक्या वेळा सख्खा भाऊदेखील येत नाही. शिवाय तो बायकोची बाजू घेणारा नवरा होता. आमच्यासारख्या नव्या सुनांना त्याचे किती अप्रूप वाटे, ते सांगायला नको.

आणि २००१ साली एके रात्री तो मिहीर अपघातात गेला.

त्या रात्री खोलीत कोणी बोलेना. जाहिराती लागल्या तरी कोणी उठेना. दुसऱ्या दिवशी नळावर दुसरा विषय नव्हता. आमच्या मजल्यावरची एक नोकरी करणारी भगिनी सांगत होती की लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज भजन होई, त्या दिवशी भजन राहिले आणि सगळ्या मिहीरवरच बोलत बसल्या. पुरुषांनी मात्र थट्टा मांडली. “सुतक किती दिवसांचं धरलंय?” असे आमच्या ‘ह्यां’नी जेवताना विचारले. मलाही हसू आले, पण घास गिळेना.

केवळ आमच्याच चाळीत हे झाले असे नाही. देशभर हेच झाले. मालिका काढणाऱ्यांकडे फोन आणि पत्रांचा पाऊस पडला, मिहीरला परत आणा म्हणून. खुद्द अमर उपाध्याय यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की तो भाग पाहताना त्यांची स्वतःची आई रडत होती, आणि मुलगा तर तिच्या शेजारीच बसला होता! जन्मदात्या आईची ही गत, तिथे आमच्यासारख्यांना नावे ठेवण्यात काय अर्थ?

तसे पाहिले तर आपल्या देशातल्या प्रेक्षकांनी असे वेड आधीही दाखवले होते. दूरदर्शनवर १९८४ साली ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. दर भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत. त्या मालिकेला चार लाखांवर पत्रे आली असे सांगतात. त्यांतली पुष्कळशी पात्रांना उपदेश करणारी होती. तिच्यात भागवंती नावाची सोशिक आई होती. सगळे निमूट सोसणे बरे नव्हे, हे दाखवण्यासाठी लेखकांनी ती घातली होती, पण पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श ठरवले. मग १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ आले. ते १९८८ च्या जुलैत रामराज्याभिषेकाने संपले, तेव्हा जालंधर व उत्तरेकडच्या इतर शहरांतल्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी ऋषींना ते आपले मानतात, आणि ज्या उत्तरकांडात वाल्मीकींच्या आश्रमात लवकुश वाढतात ते दाखवल्याशिवाय कथा पुरी होत नाही, असे त्यांचे म्हणणे. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. शेवटी सरकारने ऐकले आणि पुढचा भाग काढला गेला.

तेव्हा गोष्ट आपली आहे असे प्रेक्षकांना वाटले की ते गोष्ट सांगणाऱ्यालाही जाब विचारतात, हे जुनेच आहे.

आमच्या मंडळानेही जाब विचारायचे ठरवले. पुढच्या शनिवारच्या बैठकीत ठराव झाला की मिहीरला परत आणावे असे पत्र वाहिनीला पाठवायचे. माझे अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम मजकडे आले. “तुलसीच्या पांढऱ्या साडीकडे आणि मोकळ्या कपाळाकडे आम्हांला पाहवत नाही, तरी तिचे कुंकू तिला परत द्यावे,” असे वाक्य मी त्यात घातले. सगळ्यांना ते फार आवडले. बावीस सह्या झाल्या आणि तीन अंगठे उठले.

घरी येऊन मी कागद सासूबाईंपुढे धरला. मिहीर गेल्यापासून सर्वांत जास्त रडल्या होत्या त्या. पण त्यांनी सही करायला नकार दिला.

“का हो आई?” मी विचारले.

“अर्ज करून माणसं परत येत असती,” त्या म्हणाल्या, “तर मी पंधरा वर्षांपूर्वीच केला असता.”

इथे मला थोडे मागचे सांगितले पाहिजे. माझे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, आणि माझ्या सासऱ्यांसारख्या हजारोंना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. सासूबाई खानावळ चालवून घर ओढत होत्या. १९८६ साली सासरे गेले. पदरी तीन मुले, थोरले आमचे हे अकरा वर्षांचे. तेराव्या दिवसाची वाटही न बघता पाचव्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा स्टोव्ह पेटवला, कारण दहा माणसे जेवायला होती आणि किराण्याचे पैसे द्यायचे होते. त्यांना रडताना मी कधी पाहिले नव्हते. माझ्या नवऱ्यानेही पाहिले नव्हते.

त्या दिवशी कागद बाजूला ठेवून त्या मला म्हणाल्या, “त्या तुळशीला बघ, रडायला चांगला आठवडाभर दिलाय. सगळं घर तिच्याभोवती बसलंय. मी मुकाट्यानं पोळ्या लाटत होते गं. ती रडते तेवढ्यात माझं पण होऊन जातं.”

मी काही बोलू शकले नाही. आमचे ‘हे’ दाराशी उभे होते, त्यांनी ऐकले. त्यानंतर त्यांनी सुतकाची थट्टा पुन्हा कधी केली नाही.

पत्र पाठवले. ते लाखांत एक, कोणी वाचले की नाही देव जाणे. पण प्रेक्षकांची मागणी मान्य झाली आणि मिहीर परत आला! त्याची स्मृती गेली होती, मंदिरा नावाच्या डॉक्टरीणबाई त्याची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातून पुढे तुलसीच्या डोक्याला किती ताप झाला ते आपण सर्व जाणताच. मंडळात पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा घेतला आणि एवढेच म्हणाल्या, “बरं झालं. पोर सुटली.”

मला मात्र तो पेढा गोड लागला नाही. पुढची संक्रांत आली तेव्हा त्याचे कारण कळले. दरवर्षीप्रमाणे मंडळाचे हळदीकुंकू ठरले. दरवर्षीप्रमाणे आमंत्रण मला एकटीला आले. आणि दरवर्षीप्रमाणे सासूबाईंनी त्या संध्याकाळी गॅलरीचे दार अर्धे लोटून घेतले. मला माझेच अक्षर डोळ्यांपुढे दिसू लागले. ज्या बाईने जन्मात आपल्याला पाहिले नाही, जी खोटीच आहे, तिच्या कपाळासाठी आम्ही पंचवीस जणींनी अर्ज केला. आणि जिने आमच्यातल्या निम्म्याजणींची बाळंतपणे निभावली, तिला आम्ही दार लोटायला लावतो!

पुढच्या बैठकीत मी हे बोलले. मी सर्वांत लहान, आवाज कापत होता. दोन वडीलधाऱ्या भगिनी रागावल्या, “मालिकेचं इथं काय?” असे म्हणाल्या, त्यांतली एक तर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पण बाकीच्यांना पटले. ठराव झाला की समारंभाला चाळीतल्या सर्व स्त्रियांना आमंत्रण जाईल, तिळगूळ आणि वाण सर्वांना दिले जाईल, कुंकू जिला हवे तिला.

पहिल्या वर्षी सासूबाई आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी आल्या. त्यांनी तिळगूळ घेतला, स्टीलची वाटी घेतली, कुंकू घेतले नाही. पण सगळ्यांच्या मध्ये बसून दोन तास गप्पा मारल्या. आज मंडळात जी नवी मुले-सुना आल्या आहेत त्यांना वाटते की हे आपल्याकडे पहिल्यापासूनच असे आहे. तसे नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. ती बातमी वाचली तेव्हा सासूबाई नव्हत्या. २०१३ साली त्या गेल्या.

मालिकेचे पुढचे थोडक्यात सांगते. अमर उपाध्याय यांनी नंतर मालिका खरोखरच सोडली. काही काळ इंदर कुमार मिहीर झाले, मग रोनित रॉय, आणि तेच शेवटपर्यंत राहिले. लोकांनी त्यांना स्वीकारले. सासूबाईंनी नाही. “हा कोण परका माणूस तुळशीच्या घरात?” असे त्या महिनोन् महिने म्हणत. २००७ साली स्मृती इराणींनीही मालिका सोडली व गौतमी कपूर आल्या, तेव्हा पुन्हा तोच गहजब. ६ नोव्हेंबर २००८ ला मालिका संपली. सतरा वर्षांनी, २९ जुलै २०२५ रोजी, तीच मालिका नव्याने सुरू झाली आणि मिहीर-तुलसी म्हणून जुनेच दोघे परत आले. मी मुलीला शेजारी बसवून पहिला भाग पाहिला. ती म्हणाली, “आई, तू का रडतेस? सगळे जिवंत आहेत ना?”

त्याच वर्षी जानेवारीत ‘प्रेमाची गोष्ट’ या मराठी मालिकेतून तेजश्री प्रधान गेल्या आणि मुक्ताच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या, तेव्हा आपल्याच मंडळात कितीजणी रुसून बसल्या होत्या! नव्या मुली त्यांना हसत होत्या. त्यांना मी एवढेच सांगते, हसा, पण जरा जपून. समोर खोटी बाई रडत असते तेव्हा शेजारी बसलेली खरी बाई कशासाठी रडते आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. एकदा विचारून पाहावे.

लेख लांबला, माफी असावी. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली एक सभासद