सह्याद्रीची वाटणी

महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम एकत्र मानले जातात. एकाच छपराखाली जन्मलेल्या या बहिणींपैकी एकटी सावित्री पश्चिमेची वाट धरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. उरलेल्या तिघी कृष्णेत विलीन होतात. कृष्णेच्या उगमापासून तोच समुद्र अवघा ६५ किलोमीटरांच्या अंतरावर आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटरांची मजल मारून बंगालच्या उपसागरास मिळते. डोंगरमाथ्यावरची एक रेघ नद्यांची अशी वाटणी करते. आणि नद्यांच्या मागोमाग माणसांचीही.

ही रेघ फार प्राचीन आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट बाहेर पडले, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पुढे पश्चिम किनाऱ्यालगत भूकवच तुटले आणि कड्याची धार झिजत झिजत पूर्वेकडे सरकली. म्हणूनच सह्याद्री हा दोन्ही बाजूंनी उतरता असा सामान्य पर्वत नव्हे. पश्चिमेकडून तो भिंतीसारखा उभा दिसतो. पूर्वेकडून पाहिले असता मात्र तो पठाराचा उचललेला काठ आहे.

या भिंतीवर नैऋत्येचे मोसमी वारे येऊन आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार टाकून मोकळे होतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी सव्वादोनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो. घाट उतरून वाईस आले की तो सुमारे ३० इंचांवर येतो, आणि फलटणच्या बाजूस २० इंचांच्या आसपास उरतो. एका दिवसाच्या प्रवासात वाटसरू अतिवृष्टीच्या प्रदेशातून अवर्षणाच्या प्रदेशात पोहोचतो. माण आणि खटावच्या शेतकऱ्याला ज्या ढगांची वाट पाहावी लागते, ते ढग त्याच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला रिते होऊन आलेले असतात.

एकाच भाषेच्या लोकांत तीन प्रकारचे संसार उभे राहिले, त्याचे मूळ येथे आहे. खाली कोकणात जांभ्या दगडाची जमीन, भाताची खाचरे आणि पाणी निथळून जावे म्हणून उतरती छपरे. माथ्यालगतच्या मावळात अरुंद खोऱ्यांतून भात आणि उतारांवर नाचणी व वरी. त्याच्या पूर्वेस देशावर काळी माती, ज्वारी-बाजरी आणि सपाट धाब्याची घरे. कोकणी माणसाने तारू समुद्रात लोटले, देशावरच्याने विहिरीवर मोट चालविली. उभयतांना एकमेकांच्या वस्तूंची गरज होती. आणि मध्ये भिंत होती.

म्हणूनच या मुलखाच्या इतिहासात घाटाला जे महत्त्व आले, ते पुष्कळदा राजधानीलाही आले नाही. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाटाने जुन्नरला आणि तेथून पैठणला जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि दानांची मोजदाद आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण असून तो जकातीचा, असे परंपरा सांगते. बोरघाटाच्या वाटेवरील कार्ले, भाजे आणि कोंडाणे ही लेणीही व्यापारी मार्गाच्या आधारानेच उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांत दूरच्या वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, तसेच स्वतःला यवन म्हणविणारेही आहेत. ज्या वाटेने व्यापारी चढला, तिनेच कलाही चढली.

जो घाट धरील तो मुलूख धरील, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. १६५६ साली त्यांनी जावळी घेतली. तीन वर्षांनी अफझलखानास त्याच अरण्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यावे लागले. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोगली फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला, तेव्हा उंबरखिंडीच्या गर्द रानात त्याला पुढे जाता येईना की मागे फिरता येईना. खंडणी देऊन त्याने सुटका करून घेतली. मैदानात संख्याबळाने जिंकणाऱ्या सैन्याला अरुंद वाटेत ते बळच ओझे झाले.

इंग्रजी अमलात या भिंतीचे महत्त्व बदलले. मुंबई वाढत होती आणि तिला देशावरचा माल हवा होता. १८५६ साली बोरघाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले. १८६३ साली गाडी वर चढली. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि पटकी व हिवतापाने हजारो मजूर दगावले. एक ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेताच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम तडीस नेले. थळघाटाचा मार्ग १८६५ साली खुला झाला. त्यानंतर काही वर्षांतच वऱ्हाडचा कापूस रेल्वेने थेट मुंबई बंदरात उतरू लागला.

यानंतर माणसाने वाटेवर न थांबता पाण्याला हात घातला. माथ्यावर पडणारे जे पाणी स्वभावतः पूर्वेस जायचे, ते अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले तर त्या उंचीतून वीज निर्माण होते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवू लागले. पुढे मुळशीच्या धरणाने मावळ्यांची भातखाचरे बुडू लागली, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. कुळांना हवी होती ती आपली जमीन. सावकारांना मोबदला पुरेसा होता. १९२४ च्या सुमारास सत्याग्रह मोडला, आणि धरण पूर्ण झाले. मुंबईत दिवा लागला तेव्हा मावळातील चूल विझली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

कोयनेने हा क्रम अधिक मोठ्या प्रमाणावर चालविला. तिचे पाणी बोगद्याने पोफळीस नेऊन वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा जलविवाद लवादाने अशा रीतीने पश्चिमेस वळविण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा ठरवून दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. साठविलेल्या पाण्याच्या दाबाशी त्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे दगावली. पश्चिमेच्या उतारावर इर्शाळवाडीची तीच गत १९ जुलै २०२३ च्या रात्री झाली. ज्या चढणीने ढग थांबतात, त्याच चढणीवर भिजलेली माती सुटते.

आज याच्या उलट खटाटोपही चालला आहे. टेंभू योजनेत कृष्णेचे पाणी पंपांच्या बळावर टप्प्याटप्प्याने चढवून आटपाडी, सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यांकडे नेले जाते. पश्चिमेस पाणी खाली टाकून वीज मिळवायची, आणि पूर्वेस वीज खर्चून पाणी वर चढवायचे, असा हा व्यवहार आहे. एका कड्यावर जे मिळते त्याचा भाग दुसऱ्या उतारावर परत करावा लागतो. सह्याद्रीने केलेली वाटणी माणसाने मोडली असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्याने तिची किंमत एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात मांडली, आणि ज्याच्या खात्यात ती मांडली गेली त्याचे घर बहुधा डोंगराच्या कुशीतच असते. पुढचा घाट फोडताना वा पुढचे पाणी वळविताना ते घर आधी पाहिले जाईल काय, हाच या दीर्घ इतिहासाने पुढे ठेवलेला प्रश्न आहे.