खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाची ही लिखित आवृत्ती.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या कॉलेजच्या रूममेटचा मेसेज आला. तो वसईचा, ख्रिश्चन घरातला. "तू नाशिकचा ना? आजीला नाताळच्या वाइनसाठी वीस किलो काळी द्राक्षं हवीत. चांगली बघून पाठव." मला वाटलं, सोपं काम आहे. नाशिकच्या माणसाला द्राक्षं मागणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला गूळ मागणं. काकांची बाग निफाड तालुक्यात आहे, त्यांना फोन लावला. म्हटलं, "काका, शरद सीडलेसचे दोन क्रेट काढा, एक्स्पोर्टवाले."

काका हसले. "अरे, वाइनला एक्स्पोर्टचा माल? त्याच्यात रंग कुठून आणणार?"

हा भाग त्या एका प्रश्नावर आहे.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. त्यामुळे इथे कृती मिळणार नाही. मी द्राक्षं पाठवली, पुढचं मला माहीत नाही!

तर रंग. काळं द्राक्ष नखाने सोला, आतला गर हिरवट-पांढरा निघतो. रेड वाइनचा रंग येतो तो सालीतून, आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा येतो साल आणि बियांतून. म्हणून रेड वाइनला रस सालीसकट आंबवतात. आता थोडं बीटेक गणित. मणी गोल धरा. १८ मिलिमीटरच्या मण्यापेक्षा १२ मिलिमीटरच्या मण्यात तेवढ्याच रसामागे साल दीडपट असते. म्हणजे मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि साखर २२-२४ ब्रिक्स. असं द्राक्ष हवं.

आणि नाशिकने जवळजवळ शंभर वर्षं नेमकं याच्या उलट द्राक्ष निवडलंय.

इथल्या व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात ओझरची सांगतात. १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम गायकवाडांनी तिथे बाग लावली. तेव्हाचा वाण भोकरी, बी असलेला. हैदराबादकडून अनाबेशाही आली, तीही बियांची. मग १९६० च्या दशकात थॉमसन सीडलेस आली आणि खेळच बदलला. बी नको, साल पातळ हवी, मणी फुगलेला हवा. थॉमसनमधूनच तासगाव भागात तास-ए-गणेश निघाली, सोलापूरकडे सोनाका. काळ्या द्राक्षांतली शरद सीडलेस नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी किसमिस चोर्नीमधून निवडली. हे सगळं शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत डोळे उघडे ठेवून केलंय, हे मला फार भारी वाटतं. एखाद्या वेलीवर वेगळा घड दिसला, त्याची काडी घेतली, वाढवली. वर जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग आणि विरळणी करून मणी आणखी मोठा केला. लंडनच्या दुकानात ठेवायला परफेक्ट. रेड वाइनला मात्र गोड पाणी.

वाइनची द्राक्षं नाशकात आली ती वेगळ्याच वाटेने. राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकून, ओरॅकलमधली नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळ त्यांनी सुला उभी केली. २००० साली त्यांची पहिली वाइन आली, तीही व्हाइट: सोविन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. पुढच्याच वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करात सवलत मिळाली, विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क झाले. एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या आणि गावागावांत शिराझ, कॅबरने, झिनफंडेल ही नावं पोचली.

काकांच्या घरीही. २००४ साली त्यांनी दोन एकर थॉमसन तोडून शिराझ लावली. कंपनीशी करार होता, भाव ब्रिक्सवर. डिपिंग नाही, विरळणीची मजुरी कमी, व्यापारी पळून जाईल ही धास्ती नाही. मी तेव्हा शाळेत होतो. काका रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून मला आकडा वाचायला द्यायचे. ते माझं पहिलं सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट.

मग २००८. जगभर मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस पडली. वायनऱ्यांच्या टाक्या आधीच भरलेल्या होत्या. काकांच्या कंपनीने (नाव घेत नाही) एका वर्षी अर्धा माल उचलला, पुढच्या वर्षी फोनच उचलला नाही. आणि इथे वाणाची निवड अंगावर येते. थॉमसनला भाव नाही मिळाला तर बेदाणा करता येतो, रस्त्यावर हातगाडीवर विकता येतं. बियांची, जाड सालीची, बारीक शिराझ कोण खाणार? ज्या गुणांसाठी ती निवडली, त्याच गुणांमुळे ती बाजारात चालेना. २०१० च्या एप्रिलमध्ये काकांनी बाग तोडली. त्या काळात जिल्ह्यात अशा बऱ्याच बागा तुटल्या. वेल बारा-पंधरा वर्षांच्या हिशोबाने लावतात, त्यांच्या वाट्याला सहा आली. मांडव तसाच ठेवून त्यांनी पुन्हा खायची द्राक्षं लावली. कर्ज फिटायला आणखी सात वर्षं गेली.

दिंडोरीकडे आजही वाइनची द्राक्षं आहेत, चांगली चाललीयेत, पण तो माल कराराचा. वीस किलोसाठी कोण तोडून देणार?

शेवटी काका मला पॅकिंग शेडवर घेऊन गेले. तिथे घड साफ करताना कात्रीने काढलेले बारीक मणी क्रेटमध्ये पडलेले असतात. शरदचेच, पण डिपिंग नीट न लागलेले, काही तर वाटाण्याएवढे. काकांनी मूठभर उचलले, सडके बाजूला केले, एक चावला. "हे घे. साल जास्त, गोडीही बरी आहे. आणि तुझ्या मित्राला सांग, बाजारात बियांची काळी द्राक्षं, बंगळूर पर्पल, मिळाली तर त्यातली थोडी मिसळ म्हणावं. नुसत्या सीडलेसला तुरटपणा येत नाही."

मी विचारलं, शिराझ पुन्हा लावावीशी वाटते का? ते क्रेटला सुतळी बांधत होते. म्हणाले, "आधी उचलणारा दाखव, मग वाण विचार."

वसईहून नंतर फोटो आला. काचेची बरणी, आत जांभळट-लाल काहीतरी. काकांना फॉरवर्ड केला. त्यांनी झूम करून पाहिला असावा, कारण दहा मिनिटांनी उत्तर आलं: "रंग अजून कमी आहे."